वाचक विचारतात : नाताळची चांदणी, गव्हाण आणि कुंडीतलं झाड

नाताळच्या सजावटीबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या उरल्या होत्या. त्यांतून सोसायटीतली मुलं पाच टोकांची चांदणी करताहेत, पण ती दर वेळी पिळवटते. फिलिपिन्समध्ये बांबूच्याच चांदण्या करतात म्हणे. त्यांची रीत काय?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

त्या चांदणीला तिकडे ‘पारोल’ म्हणतात. आकाशकंदील करणाऱ्या हाताला ती मुळीच परकी वाटणार नाही. बांबूच्या कामट्या, पातळ कागद, आत दिवा आणि खाली झिरमिळ्या, सगळं तेच. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस तिथे पहाटेच्या अंधारात चर्चला जायची प्रथा आहे आणि पारोल त्या दिवसांचीच खूण. पंपांगा प्रांतातल्या सान फर्नांडो शहरात तर वीस-वीस फुटी कंदिलांची स्पर्धा भरते. त्यांतल्या हजारो बल्बांची उघडझाप फिरत्या लोखंडी पिंपांवरून होते. पिंपावर चिकटपट्टी असेल तिथे वीज तुटते, पत्रा उघडा असेल तिथे लागते. घरगुती चांदणीला यातलं काही लागत नाही, लागतं ते नीट माप.

साठ सेंटिमीटरच्या दहा कामट्या घ्या. रुंदी बोटाच्या नखाएवढी आणि जाडी तीन मिलिमीटर, चारच्या वर नाही. कामट्या एकाच बांबूच्या असाव्यात आणि पेराची गाठ सगळ्यांत साधारण एकाच जागी यावी, कारण गाठीपाशी कामटी वाकत नाही. पिळवटण्याचं एक कारण तिथेच असतं. बुरुडाकडून आणत असाल तर हे आधीच सांगून ठेवा.

आता खुणा. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २२.९ सेंटिमीटरवर पेन्सिलीची रेघ मारा. मध्ये १४.२ सेंटिमीटर उरतात. पाच कामट्यांची चांदणी मांडली की कामट्या एकमेकींना बरोबर या खुणांवरच छेदतात. अंदाजाने बांधलेली चांदणी डोळ्याला सरळ दिसते, पण एक टोक लांब आणि दुसरं आखूड असतं. दोन चांदण्या जोडताना हाच फरक पीळ होऊन बाहेर येतो. आधी पाच टोकं सुती दोऱ्याने बांधा, पण सैल. प्रत्येक कामटी एका शेजारणीच्या वरून आणि दुसरीच्या खालून गेली पाहिजे. मग शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. ते पाचही ठिकाणी ३७ सेंटिमीटर भरलं तरच खुणांवरचे छेद पक्के बांधा. दोरा ओला करून बांधला तर वाळताना आवळतो.

अशा दोन चांदण्या एकीवर एक ठेवून फक्त टोकं बांधा. आता दहा सेंटिमीटरच्या पाच आधारकाड्या घ्या, सगळ्या नेमक्या एकाच लांबीच्या. आतल्या पाच छेदांवर दोन्ही चांदण्यांच्या मध्ये त्या उभ्या करायच्या, म्हणजे चांदणीला पोट येतं. ओळीने एकीशेजारी एक बसवू नका, एक छेद सोडून एक बसवा. ओळीने बसवल्या की सगळा ताण एका बाजूला जातो आणि सांगाडा फिरतो. मुलांचं बहुधा हेच चुकत असावं. कामटी जाड असेल तर या वेळी टोकाशी फुटते.

कागद पतंगी घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात डिसेंबरात तो संक्रांतीसाठी आलेलाच असतो. दोन रंगांचे दोन-दोन ताव पुरतात. दहा मोठे त्रिकोण, मधले दोन पंचकोन आणि बाजूंना दहा चिंचोळे त्रिकोण असे बावीस तुकडे होतात. प्रत्येकाला दीड सेंटिमीटर दुमड ठेवा. खळ कामटीला लावा, कागदाला नको, कारण पतंगी कागदाचा रंग ओलीत उतरतो. खळीला किडे लागू नयेत म्हणून काही जण तीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा लहान मुलं हात घालणार असतील तर तो टाळा आणि लागेल तेवढीच ताजी खळ शिजवा. मागचा पंचकोन फक्त वरच्या कडेला चिकटवा म्हणजे तिथून होल्डर आत जाईल. बल्ब पाच ते सात वॉटचा एलईडी. तारेचा जुना साठ वॉटचा बल्ब आत लावलात तर कागद आधी तपकिरी होईल आणि मग पेटेल. झिरमिळ्या खालच्या दोन टोकांनाच लावायच्या.

मुलीच्या प्रकल्पासाठी विचारते. सांताचा लाल डगला शीतपेयाच्या जाहिरातीतून आला हे खरं का? आणि मोजे कशाला टांगतात?
– एक आई, नेरूळ

डगल्याची गोष्ट अर्धवट खरी आहे. कोका-कोलासाठी हॅडन सुंडब्लॉम या चित्रकाराने १९३१ पासून काढलेल्या चित्रांनी गुबगुबीत, हसरा, लाल डगल्यातला सांता जगभर पोचवला. लाल डगला मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पोस्टकार्डांवर आणि मासिकांच्या मुखपृष्ठांवर दिसतो. टॉमस नास्ट या अमेरिकी व्यंगचित्रकाराने १८६३ पासून सांता काढायला घेतला होता. घसरगाडी आणि आठ रेनडिअर त्याहून जुने आहेत. ते १८२३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापलेल्या एका कवितेतून रूढ झाले. लाल नाकाचा नववा रेनडिअर १९३९ चा, आणि तो खरोखरच एका दुकानाच्या जाहिरात-पुस्तिकेतून आला.

मोज्यांची कथा मायरा गावच्या बिशप निकोलसची. सांता पुढे त्याच्यावरूनच आला. चौथ्या शतकातला माणूस, गाव आजच्या तुर्कस्तानात. एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसे नव्हते. निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, तीन वेळा. जुन्या कथेत खिडकीच आहे. धुराडं आणि वाळत घातलेल्या मोज्यात पडलेलं सोनं ही नंतरची भर. नेदरलंड्समध्ये मुलं मोज्याऐवजी बूट मांडतात, तेही ५ डिसेंबरच्या आसपास, आणि निकोलसच्या घोड्यासाठी त्यात गाजर ठेवतात. प्रकल्पात नकाशा काढायला सांगा : मायरा, मग त्याच्या अस्थी १०८७ मध्ये जिथे नेल्या ते इटलीतलं बारी, मग नेदरलंड्स, मग न्यू यॉर्क. चिकटवलेल्या चित्रांपेक्षा बाई त्यालाच जास्त गुण देतील.

आमच्या इमारतीत यंदा पहिल्यांदाच गव्हाणीचा देखावा करायचा आहे. हिरवळ कशाची करावी? तीन राजे केव्हा ठेवायचे? बैल आणि गाढव हवेतच का?
– सजावट समिती, चरई, ठाणे

हिरवळ नाचणीची करा. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाचणी किंवा गहू पेरण्याची पद्धत आहेच. घटाखाली धान्य रुजवणाऱ्या घरांना वेगळं काही शिकायला नको. आपल्याच भागात असं होतं असंही नाही. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, तीन बश्यांत गहू पेरून ते नाताळच्या जेवणाच्या टेबलावर मांडतात. क्रोएशियात १३ डिसेंबरला, संत लूसीच्या दिवशी पेरतात. माल्टात बाळ येशूभोवती ठेवायचे अंकुर मुद्दाम अंधारात वाढवतात, त्यामुळे ते पांढरेफटक, लांब आणि केसांसारखे येतात.

बारा बाय अठरा इंचांच्या ट्रेला मूठभर नाचणी पुरते, साधारण चाळीस ग्रॅम. रात्रभर भिजवा आणि दिवसभर ओल्या फडक्यात बांधून ठेवा. पांढरी टोकं दिसली की ट्रेत एक इंच माती पसरून त्यावर पेरा आणि नखभर माती भुरभुरा. पिण्याच्या पेल्याने नको, फवाऱ्याने पाणी द्या, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. १२ किंवा १३ तारखेला पेरलं तर चोवीसपर्यंत दीड-दोन इंच होतं. गहू हवाच असेल तर दीडशे ते दोनशे ग्रॅम लागतील आणि पेरणी सतरा-अठराच्या आधी नको. दहा दिवसांत गहू पाच इंचांवर जातो, मेंढरं त्यात बुडतात आणि मग तो आडवा पडतो. बुरशी येते ती दाट पेरल्याने आणि ट्रे झाकून ठेवल्याने. पांढरे ठिपके दिसले तर तेवढा भाग चमच्याने उचलून टाका, ट्रे पंख्याखाली ठेवा आणि त्या दिवशी पाणी देऊ नका.

बैल-गाढवाचं असं आहे की शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, दोघांचा उल्लेख नाही. लूकच्या शुभवर्तमानात फक्त गव्हाणी आहे. बैल आपला धनी ओळखतो आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाणी, हे वचन जुन्या करारातल्या यशया ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातलं, आणि तिथून ही जोडी देखाव्यात आली. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. तेव्हा ठेवा, आठशे वर्षांचा मान आहे त्यांना.

राजांना मात्र घाई करू नका. मत्तयचं शुभवर्तमान त्यांना राजे म्हणत नाही, मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी म्हणतं, आणि ते तीन होते असंही सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस ही तीन दानं होती, त्यावरून माणसं तीन झाली. जुनी रीत अशी की पहिल्या दिवशी त्यांना देखाव्याच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवायचं, रोज थोडं पुढे सरकवायचं आणि ६ जानेवारीला गव्हाणीशी पोचवायचं. हे सरकवण्याचं काम एका मुलाकडे सोपवा. बाळ येशूची मूर्ती २४ च्या मध्यरात्रीपर्यंत ठेवायची नाही, तोवर गव्हाणी रिकामी.

देखावा बेथलेहेमचाच हवा असं समजू नका. नेपल्समध्ये सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची अख्खी गल्ली या मूर्तींची आहे आणि तिथल्या देखाव्यात पिझ्झावाले, मासळीवाले, राजकारणी सगळे येतात. पोलंडच्या क्राकूव्हमध्ये तर गोठाच नसतो. शहरातल्या चर्चांचे मनोरे चमकत्या चांदीच्या कागदात उभारतात आणि येशूजन्म त्यात बसवतात. त्याची स्पर्धा १९३७ मध्ये सुरू झाली आणि युनेस्कोने २०१८ मध्ये या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. तलावपाळी, त्यामागे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आणि काठावर मक्याच्या कणसाची गाडी, असा देखावा चरईत शोभेल. थर्मोकोल घेऊ नका. महाराष्ट्रात त्याच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे आणि पुठ्ठ्यावर खळीत भिजवलेला कागद चढवला की डोंगर त्याहून चांगले होतात. बर्फ म्हणून कापूस पसरणं तर टाळाच. पेंढा, कापूस आणि पेटती मेणबत्ती एका चौरस फुटात आणायचं काहीच कारण नाही. तसंही बेथलेहेमचा बर्फ युरोपच्या चित्रकारांनीच जास्त पाडलाय.

गेल्या डिसेंबरात रोपवाटिकेतून ‘ख्रिसमस ट्री’ आणलं. खालच्या फांद्या तपकिरी होऊन गळताहेत आणि शेंडा खिडकीकडे कललाय. वरून छाटलं तर भरेल का?
– एक वाचक, खारघर

शेंड्याला कात्री लावू नका. आपल्याकडे या नावाने विकतात ते बहुतेक अरॉकेरिया असतं. ते युरोपातलं फर नाही, मूळ प्रशांत महासागरातल्या नॉरफक आणि न्यू कॅलेडोनिया बेटांवरचं. त्याचे मजले एकाच शेंड्यातून एकावर एक येतात. शेंडा छाटला की झाडाचा आकार कायमचा गेला.

खालच्या फांद्या जातात त्याची कारणं सहसा तीन असतात. कमी उजेड, एसीची कोरडी हवा, आणि मध्येच आठवडाभर पाणी विसरणं. उन्हाळ्यात घर बंद करून गावाला गेला असाल तर कारण तिसरंच. गेलेली फांदी परत फुटत नाही. ती खोडालगत कापून टाका. कललेल्या शेंड्याला काठी बांधण्यापेक्षा कुंडी दर आठवड्याला पाव वळसा फिरवा, नवी वाढ सरळ येईल. सकाळचं दोन तास कोवळं ऊन पुरतं. आतून काढून एकदम गच्चीवरच्या दुपारच्या उन्हात ठेवलंत तर सुया करपतील, तेव्हा आठवडाभर सावलीत सरावू द्या. वरची इंचभर माती सुकली की भरपूर पाणी द्यायचं आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. मुळं कुजण्याची सुरुवातही खालच्या फांद्यांपासूनच दिसते, म्हणून पाणी वाढवण्याआधी मातीत बोट घालून बघा. आणि इमारतीच्या भिंतीला लागून जमिनीत लावू नका. हे झाड तीस मीटरच्या वर जातं.

सजावट हलकी हवी. फांद्यांची टोकं मऊ असतात, काचेच्या जड गोळ्यांनी ती वाकली की पुन्हा उठत नाहीत. गोळे मूळचे नाहीतच. १६०५ मधल्या स्ट्रासबूर्गच्या एका वर्णनात झाडाला कागदी गुलाब, सफरचंदं आणि पापडासारखी पातळ बिस्किटं टांगल्याचं आहे. सफरचंदं आली आदाम आणि हव्वेच्या नाटकातल्या झाडावरून, कारण २४ डिसेंबर हा त्या दोघांचा दिवस. काचेचे गोळे जर्मनीतल्या लाउशा या काच फुंकणाऱ्यांच्या गावचे, एकोणिसाव्या शतकातले. अरॉकेरियाला कागदी गुलाब आणि पेंढ्याच्या चांदण्या पुरे. पेंढा अर्धा तास कोमट पाण्यात ठेवला की तडकत नाही, हवा तसा दुमडता येतो. स्कँडिनेव्हियात हेच करतात.

दिव्यांची माळ अर्धी लागते, अर्धी विझलेली. दुकानदार म्हणतो, मेलेला दिवा कापून वायर जोडून टाका.
– एक वाचक, वाशी

त्याचं ऐकू नका. लांब माळेत दिव्यांचे गट असतात आणि गटातले दिवे एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. एकाचा संपर्क तुटला की तो गट विझतो. दिवा काढून वायर जोडली तर उरलेल्यांवर त्याच्या वाट्याचा दाब येतो. एकदा चालतं. तीन-चार दिवे असे काढले की बाकीचे भराभर जातात आणि जोड तापतो. प्लग काढून विझलेल्या गटातला प्रत्येक दिवा हलकेच दाबून बघा. बऱ्याचदा पायच सुटलेला असतो. त्याच व्होल्टचा दिवा मिळाला तर बदला, नाही तर माळ टाका. एलईडी माळांचा भार बोर्डाला जड नसतो, जळतात ते ढिल्या दोन पिनी आणि केसासारखी वायर. झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने, १८८२ मध्ये न्यू यॉर्कच्या घरी : लाल, पांढरे, निळे मिळून ऐंशी. त्याच्याआधी फांद्यांवर मेणबत्त्या असत आणि शेजारी पाण्याची बादली.

पॉइन्सेटिया हिरवागारच आहे, लाल होत नाही. खताचं काही चुकतंय का?
– एक वाचक, ऐरोली

खताचा दोष नाही, दिव्याचा आहे. लाल दिसतात ती पानं. ती रंगतात रात्र लांबली की. सलग चौदा तास काळोख, आणि तो आठ ते दहा आठवडे. बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा असेल किंवा रात्री हॉलचा उजेड पडत असेल तर झाडाला रात्र झालीच नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून संध्याकाळी पाच ते सकाळी आठ पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालायचं आणि दिवसा भरपूर उजेड द्यायचा. यंदा उशीर झालाय. आता सुरू केलंत तर रंग फेब्रुवारीत येईल. मार्चअखेर सहा इंचांवर छाटा, हातमोजे घालून, कारण चिकाने कातडी चुरचुरते.

हे झाड मेक्सिकोचं. नाताळच्या रात्री चर्चमध्ये न्यायला काहीच नसलेल्या गरीब पोरीने रस्त्याकडेचं तण नेलं आणि ते वेदीपाशी लाल झालं, अशी तिथली कथा. इंग्रजी नाव अमेरिकेचे मेक्सिकोतले पहिले राजदूत जोएल पॉइन्सेट यांच्यावरून पडलं. त्यांनी १८२० च्या दशकात ते आपल्या देशात नेलं.

झाडावर कोळ्याचं जाळं टांगतात आणि दारावर बांडगूळ, हे फॉरवर्डमध्ये आलंय. खरं का?
– एक वाचक, माजिवडा, ठाणे

दोन्ही खरं. युक्रेनमध्ये झाडावर कोळी आणि जाळी टांगतात. गरीब विधवेच्या बिनसजावटीच्या झाडावर कोळ्यांनी रात्री जाळी विणली आणि सकाळच्या उन्हात ती सोन्यारुप्याची झाली, अशी कथा. दारावरचं मिसलटो हेही बांडगूळच, फक्त आपल्या आंब्यावरच्यापेक्षा वेगळ्या जातीचं. त्याखाली चुंबन घेण्याची इंग्लंडची प्रथा अठराव्या शतकापासून नोंदलेली दिसते. फ्रिग देवीच्या अश्रूंची त्याची पांढरी फळं झाली, ही तिला जोडलेली गोष्ट मागाहूनची आहे. मूळ नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन कथेत त्याच फांदीने देवीचा मुलगा बाल्डर मरतो. मिसलटोची फळं विषारी असतात, तेव्हा लहान मुलं असलेल्या घरात कागदी करा. त्याच फॉरवर्डमध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने झाडावर पहिली मेणबत्ती लावल्याचंही असेल. त्याला समकालीन पुरावा नाही.

सजावट काढायची कधी?
– एक वाचक, सीबीडी बेलापूर

रूढ दिवस ६ जानेवारी. स्वीडनमध्ये १३ जानेवारी, संत क्नूटचा दिवस : मुलं झाडाभोवती नाचतात, टांगलेला खाऊ लुटतात आणि झाड बाहेर काढतात. मेक्सिकोत गव्हाण २ फेब्रुवारीपर्यंत राहते. तुमचं झाड कुंडीतलं असेल तर सहाच्या पुढे थांबू नका, दिवे आणि दागिने उतरवून ते लगेच खिडकीपाशी न्या.